एजंट गाठण्याआधी अर्जाचा नंबर घ्या!



धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला सल्ला काय मिळतो? "एखादा एजंट गाठ, नाहीतर फाइल हलणार नाही." म्हणजे दुकानाचं शटर उघडायच्या आधीच आपण मान्य करून टाकतो की सरकारी ऑफिसात आपलं कोणी ऐकणार नाही. हा अविश्वास फुकट नसतो, बरं का! त्याची किंमत तुमच्याच भांडवलातून जाते.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सरकारने जाहीर केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. यातल्या अनेक सेवांचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर घरबसल्या करता येतो. फक्त या चार गोष्टी पाळा:

१. नंबर जपा. अर्ज भरला की क्रमांक मिळतो. त्यावरून अर्ज कुठे पोचला ते कळतं.

२. मुदत लिहून ठेवा. प्रत्येक सेवेला किती दिवस, हे आधीच ठरलेलं असतं.

३. नकार लेखी घ्या. कारण न देता अर्ज फेटाळता येत नाही.

४. अपील करा. मुदत संपली किंवा नकार आला, तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथे नाही जमलं तर दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. योग्य कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हे झालं हक्काचं. पण सहभागाचं काय? पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला सुरुवात केली. तुमच्या दुकानासमोरचा फूटपाथ उखडलाय, रस्त्यावर दिवा नाही, म्हणून संध्याकाळी गिऱ्हाईक फिरकत नाही? मग ते काम पुढच्या वर्षाच्या बजेटसाठी सुचवायचं. गल्लीतले चार दुकानदार मिळून सुचवा, म्हणजे गरज किती जणांची आहे ते दिसेल.

आता धंद्याचा धडा. नुसतं पोर्टल काढून विश्वास बसत नाही. तक्रारीवर काम न होताच "निकाली काढली" असा मेसेज आला, तर माणूस दुप्पट चिडतो. उलट "हे काम यंदा होणार नाही, कारण हे" असं स्पष्ट उत्तर आलं, तर तो निदान पुन्हा विचारायला येतो. तुमच्या गिऱ्हाइकाचंही अगदी असंच असतं!

म्हणून आजचा होमवर्क: तुमच्या धंद्याला लागणारी एक सेवा निवडा, तिची मुदत शोधा आणि वहीत लिहा. एजंटला फोन त्यानंतर. बहुतेक वेळा तो करावाच लागणार नाही!