अभिप्रायाची वही आपल्याच कपाटात

छोट्या संकेतस्थळालाही वाचकांचा अभिप्राय हवा असतो. बहुतेक जण त्यासाठी गुगल फॉर्मची लिंक टाकतात. दहा मिनिटांत काम होतं, पैसेही लागत नाहीत. मग स्वतःचा फॉर्म कशाला? आदिलाबादमधल्या एका वाचनकट्ट्याच्या संकेतस्थळासाठी मी असा फॉर्म बनवायला घेतला, तेव्हा मित्रांनी हेच विचारलं. माझं म्हणणं असं, की तयार फॉर्ममध्ये वाचकांचे शब्द दुसऱ्याच्या कपाटात राहतात आणि त्या कपाटाचे नियमही तोच ठरवतो. वही आपली असली, की काय विचारायचं, किती दिवस ठेवायचं आणि कधी पुसायचं, हे आपल्या हातात राहतं.

या कामाचे भाग तीनच. पहिला म्हणजे पानावर दिसणारा फॉर्म. तो साध्या एचटीएमएलमध्ये होतो. दुसरा म्हणजे सर्व्हरवरची छोटी पीएचपी स्क्रिप्ट. ती मजकूर घेते, तपासते आणि पुढे देते. तिसरा भाग साठवणीचा. त्यासाठी एसक्यूलाइट पुरतं, कारण अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो. फक्त होस्टिंगवर पीएचपी चालत असली पाहिजे. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ती चालत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न. इथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारी माणसं राहतात. फॉर्मने सगळ्यांचं लिखाण जसंच्या तसं घेतलं पाहिजे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘आदिलाबाद’ या शब्दात काना-वेलांटी धरून ८ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन बाइट मोजतं. त्याच्या भरवशावर ५०० ची मर्यादा घातली, तर मराठी वाचकाला जेमतेम १६६ चिन्हं मिळतात आणि इंग्रजीवाल्याला पूर्ण ५००. म्हणून ‘एमबी’ने सुरू होणारं फंक्शन वापरायचं. ते चिन्हं मोजतं.

गोंडीची गोष्ट याहून बारीक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांवरून जिला नाव मिळालं, ती गुंजाला गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडच्या ११.० आवृत्तीत आली. तिच्या प्रत्येक चिन्हाला ४ बाइट लागतात. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ८’ हा जुना पर्याय एका चिन्हाला ३ बाइटच देतो. त्यामुळे गोंडी मजकूर तिथे एकतर नाकारला जातो, नाहीतर मध्येच तुटतो. मायएसक्यूएल वापरणार असाल, तर ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. एसक्यूलाइटमध्ये ही अडचण येत नाही. नावाच्या रकान्यात ‘फक्त ए ते झेड’ अशी अटही घालू नका. ज्याला स्वतःचं नाव आपल्या लिपीत लिहिता येत नाही, तो पुढे काय लिहिणार?

सुरक्षेची चार पथ्यं पाळायची. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर हवं. डेटाबेसची फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवायची, म्हणजे पत्ता टाकून ती कुणाला उतरवून घेता येणार नाही. वाचकाचा मजकूर एसक्यूएल वाक्यात थेट न जोडता प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधून द्यायचा. आणि तो पानावर दाखवताना त्यातला कोड निष्प्रभ करून घ्यायचा. स्पॅमसाठी एक सोपी युक्ती आहे. एक जादा रकाना ठेवून तो सीएसएसने लपवायचा आणि त्यावर ‘हा रिकामा ठेवा’ असं लिहायचं. माणसाला तो दिसत नाही, पण बरेच बॉट तो भरतात. भरलेला आला, की ती नोंद बाजूला टाकायची.

राहिला प्रश्न काय विचारायचं याचा. शक्य तितकं कमी विचारायचं. अभिप्राय सक्तीचा, नाव ऐच्छिक आणि मोबाइल नंबर नकोच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मराठी, तेलुगू, उर्दू त्या २२ भाषांत आहेत, गोंडी नाही. पण आपल्या फॉर्मवर गोंडीतली दोन ओळींची सूचना लिहायला कुणाची आडकाठी नाही. १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची, तर हाच कायदा पालकांची संमती मागतो. कॉलेजच्या संकेतस्थळांनी हे विसरू नये.

स्वतःच्या वहीची राखणही स्वतःच करावी लागते. आठवड्याला एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि जुन्या नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर पुसा. मुख्य म्हणजे आलेले अभिप्राय वाचा. आपण कुणाचा पत्ता मागितलेला नसतो, म्हणून उत्तर संकेतस्थळावरच, ज्याच्या त्याच्या लिपीत छापा. पुढच्या वेळी तो वाचक नक्की लिहील.