ओहोटीच्या वेळची शाळा



शाळेची सहल समुद्रावर जाते म्हणजे काय होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुले गाडीतून उतरतात, पाण्यात पाय बुडवतात, वाळूचा किल्ला करतात, भेळ खातात आणि सूर्यास्त पाहून परत फिरतात. यात वाईट काहीच नाही. मुलांना आनंद हवाच. परंतु नववी-दहावीच्या ज्या विद्यार्थ्याने संधिपाद आणि मृदुकाय प्राण्यांची लक्षणे घोकून पाठ केलेली असतात, त्याच्या पायाखालच्या खडकावर त्या दोन्ही गटांतले शेकडो जीव जिवंत असतात आणि त्यांची ओळखही न होता तो घरी येतो, ही मात्र खेदाची गोष्ट होय. आज मला सांगावयाचे आहे ते अशा सहलीविषयी, की जीत विद्यार्थी समुद्र पाहण्यास जात नाहीत, तर समुद्राजवळ काम करण्यास जातात.

अशा सहलीची तयारी पंचांगापासून सुरू होते. कोकणातला कोळी घड्याळाकडे न पाहता भरतीची वेळ सांगतो. त्याचा हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास येतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि नंतर सुमारे सहा तासांनी, बाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा नियम का चालतो? भरती चंद्राच्या ओढीने येते आणि चंद्र आकाशात रोज थोडा उशिरा येतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत ३० तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ २४ तासांनी पुढे सरकते. २४ तासांना ३० ने भागले तर दर तिथीस ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५. अर्थात कोळ्याच्या हिशेबात दर तिथीस ३ मिनिटांची तूट राहते आणि पौर्णिमेपर्यंत ती ४५ मिनिटांची होते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण मुंबईस पौर्णिमेची भरती येते ती बाराच्या आसपास. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची छापील कोष्टके प्रसिद्ध करीत असतो. ती कोष्टके आणि हा तोंडी हिशेब विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी मांडावयास सांगावे. समुद्र दिसण्यापूर्वीच त्यांचा विज्ञानाचा पहिला पाठ होऊन जातो. जुना नियम खोटा नाही, तो स्थूल आहे, आणि किती स्थूल आहे हे मोजता येते, हा तो पाठ.

अमावास्या आणि पौर्णिमा या दिवसांत सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती येते व पाणी फारसे चढत नाही, फारसे उतरतही नाही. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाण्याची चढउतार चार मीटरांहून अधिक होते. दक्षिणेस गोव्याकडे ती निम्म्यावर येते. उधाणाची भरती जितकी उंच, तितकीच ओहोटी खोल. एरवी सदैव पाण्याखाली असणारा खडक त्या दिवशी तास-दीड तास उघडा पडतो. म्हणून सहलीस पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा-द्वितीया धरावी. त्या दिवशी मुंबईच्या बाजूस सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान पाणी सर्वांत खाली असते. ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी दीड तास किनाऱ्यावर पोहोचावे, पाण्यामागोमाग खाली उतरावे आणि पाणी फिरले की कामे आवरती घेऊन वर यावे. पावसाळ्याचे महिने वर्ज्य समजावेत.

आता खडकावर उतरू. वरून पाहणाऱ्यास सगळा खडक सारखाच काळा दिसतो. पण तो एखाद्या वाड्यासारखा मजल्यामजल्यांचा असतो. सर्वांत वर, जेथे केवळ लाटांचे तुषार पोहोचतात, तेथे बारीक शंखांच्या गोगलगायी फटींत चिकटून बसलेल्या असतात. त्यांच्याखाली पांढुरक्या, खडबडीत, लहानशा ज्वालामुखीच्या आकाराच्या कवचांचा थर लागतो; हे बार्नॅकल. त्याखाली कालवांचा पट्टा. आणखी खाली पाण्याची डबकी, त्यांत शेवाळ, शंखात घर करून राहणारे खेकडे आणि समुद्रफुले. समुद्रफूल हे नावापुरतेच फूल. तो प्राणी आहे, आणि कोळंबीचा बारीकसा तुकडा चिमट्याने त्याच्या पाकळ्यांवर ठेवला तर ते तो तोंडाकडे ओढून नेते. सर्वांत खाली स्पंज आणि काही ठिकाणी प्रवाळ.

यांतला बार्नॅकलच घ्या. हलत नाही, डुलत नाही, अंगावर चुनखडीचे कवच. कोणीही त्याला कालवाचा भाऊ म्हणेल. लिनीयस आणि क्यूव्हिये यांसारख्या थोर शास्त्रज्ञांनीही त्याला मृदुकायांतच बसवले होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन याने दाखवून दिले की, त्याची पिले पाण्यात पोहतात आणि ती थेट कोळंबी-खेकड्यांच्या जातीची असतात. पुढे ती डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटतात आणि उरलेला सारा जन्म पायांनी अन्न ओढून घेण्यात घालवतात. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्याच्या अभ्यासात घालवली. हे सर्व पुस्तकात वाचता येते, हे खरे. पण बार्नॅकल चिकटलेला एखादा सुटा दगड समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पसरट ताटात ठेवावा, दोन-तीन मिनिटे कोणी हलू नये आणि भिंगातून पाहावे. कवचाचे झाकण उघडते, पिसासारखे पाय बाहेर येतात आणि मूठ मिटावी तसे आत ओढले जातात. त्या क्षणी ‘संधिपाद’ हा शब्द मुलाला जसा कळतो, तसा फळ्यावरून कधीही कळत नाही.

तथापि पाहणे ही अर्धीच गोष्ट झाली. दुसरी अर्धी मोजण्याची. तिला लागणारे साहित्य कोणत्याही शाळेला परवडेल असे आहे: एक लांब दोरी, लाकडी पट्ट्यांची अर्धा मीटर बाजूची चौकट, तापमापक, भिंग, मोजपट्टी, बादली आणि वही. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणावी. दर दोन मीटरांवर चौकट ठेवून तिच्या आतले प्राणी जातवार मोजावेत. एकाने मोजावे, दुसऱ्याने पुन्हा मोजावे, तिसऱ्याने लिहावे. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर ते खोडावयाचे नाहीत, दोन्ही लिहावयाचे. दुसऱ्या तुकडीने डबक्यांचे तापमान घ्यावे आणि त्यांतले पाणी बाटल्यांत भरावे. महासागराच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हात तापलेल्या उथळ डबक्यात पाणी वाफ होऊन हे प्रमाण वाढते. शाळेत परतल्यावर मोजून घेतलेले पाणी आटवले आणि उरलेले मीठ तराजूत घातले म्हणजे कोणत्या डबक्यात किती, ते कळते.

अशी वही भरली की तिच्यातून प्रश्न आपोआप उभे राहतात. कालवे या रेषेच्या वर का नाहीत? बार्नॅकल खाली का विरळ होतात? वर चढण्यास ऊन आणि कोरडेपणा आडवा येतो, हे मुले चटकन सांगतात. खाली उतरण्यास कोण आडवे येते, हे मात्र सहज सुचत नाही. जोसेफ कॉनेल या तरुण अमेरिकन संशोधकाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर याच प्रश्नाचा शोध घेतला आणि १९६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेथे बार्नॅकलच्या दोन जाती आहेत. एक वर राहते, दुसरी खाली. कॉनेलने काही दगडांवरून खालची जात काढून टाकली, तेव्हा वरची जात खालीही सुखाने वाढू लागली. म्हणजे तिला पाण्याची अडचण नव्हती, शेजाऱ्याची होती. धट्टाकट्टा शेजारी तिला दाबून, उचकटून टाकीत होता. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पुढे कायमचा जाऊन बसलेला हा प्रयोग मुख्यतः खडक, मोजणी आणि चिकाटी यांच्या बळावर झालेला आहे.

मुलांना शिकवावयाचे तर आधी शिक्षकांनी ओले व्हावयास हवे, ही दृष्टी नवी नाही. १८७३ च्या उन्हाळ्यात लुई अगासी या विख्यात प्राध्यापकाने अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात पेनिकीझ नावाच्या लहान बेटावर सुमारे ५० शिक्षक-शिक्षिका जमवल्या. बेट आणि ५० हजार डॉलर एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने दिले होते. पुस्तक बाजूला ठेवून प्राणी समोर ठेवा, हा तेथला शिरस्ता. अगासी त्याच वर्षी डिसेंबरात वारला आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ती शाळा बंद पडली. पण तिच्यातून गेलेल्यांनी ही रीत आपापल्या वर्गांत नेली. आज त्याच देशात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ‘लिम्पेट्स’ नावाची योजना गेली वीसहून अधिक वर्षे चालत आली आहे. शाळांतले विद्यार्थी पुळणीवर दोरी ताणतात, नळीने वाळू काढून चाळतात आणि तीत सापडलेल्या वाळूखेकड्यांची लांबी मोजून आकडे एका सामाईक नोंदीत घालतात.

आपल्याकडे तर जागांची उणीव नाही. रत्नागिरीस कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. मालवणास १९८७ मध्ये घोषित झालेले २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य आहे. तेथे अर्थातच वनखात्याच्या परवानगीने जावे. मुंबईत २०१७ मध्ये काही नागरिकांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू करून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेण्यास आरंभ केला, तेव्हा शहराच्या ऐन गर्दीतही प्रवाळ आणि समुद्रफुले आहेत, हे पुष्कळ मुंबईकरांना प्रथमच कळले. आणि आपला सर्वांत जाणता शिक्षक तर जागेवरच असतो. कालवे फोडणाऱ्या, खुबे वेचणाऱ्या कोळणीला कोणता जीव कोणत्या महिन्यात, कोणत्या खडकावर मिळतो, हे तोंडपाठ असते. तिला मानाने बोलवावे, तिच्या वेळेचे मोल द्यावे आणि तिने सांगितलेली नावे वहीत आधी लिहून घ्यावीत. शास्त्रीय नावे मागाहून येतील.

दोन-चार नियम मात्र कडक हवेत. उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूस राहणारे जीव उन्हात मरतात. जिवंत काहीही घरी आणू नये. प्रवाळाला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख हातात घेऊ नये, त्यातला जीव विषारी दंश करतो. पायांत बूट असावेत आणि समुद्राकडे पाठ करून कोणी उभे राहू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकदा जाऊन मोजले तर ती चांगली सहल झाली. विज्ञान होण्यास त्याच खडकावर पुन्हा जावे लागते. त्याच तिथीस, त्याच रेषेवर, तीच चौकट घेऊन. पहिल्या वर्षीचे आकडे मुके असतात. दुसऱ्या वर्षीचे त्यांच्याशेजारी बसले की ते बोलू लागतात, आणि दहा वर्षांची वही झाली की तिच्याइतका विश्वासू साक्षीदार नाही. आपल्या किनाऱ्याला अशा साक्षीदाराची निकड आहे. भराव पडतात, धक्के होतात, गावाचे सांडपाणी समुद्रात जाते. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले. अशा वेळी वाद होतो. एक म्हणतो तेथे काहीच नव्हते, दुसरा म्हणतो सर्व काही होते. निकाल लावावयास मोजलेली वही कोणाजवळ असते? बहुतेक खडकांच्या बाबतीत कोणाजवळही नसते.

येथे जमलेल्यांत पालक आहेत, शिक्षक आहेत, शाळांच्या कार्यकारी मंडळांचे सभासद आहेत. त्यांच्याजवळ मागणे मोठे नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेने एक खडक आपला मानावा, वर्षातून दोनदा नववीच्या मुलांना तेथे न्यावे आणि त्यांची वही शाळेच्या ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवावी. पुढच्या वर्षीची मुले ती उघडतील, आपले आकडे खाली लिहितील आणि काय बदलले ते स्वतःच विचारतील.