आरेतले वाघोबा आणि झाडपाला
गोरेगावच्या आरे वसाहतीत आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत वारली, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे आहेत. जंगलात बिबटे राहतात आणि पाड्यात वाघोबा हा देव पुजला जातो. दिवाळीच्या सुमारास त्याच्या पूजेची वाघबारस होते. कणसरी ही धान्याची देवी आणि हिरवा हा देवही वारल्यांचेच. इथे दुखणं एकट्या शरीराचं मानत नाहीत. देवाचा कोप, घरातलं भांडण, मोडलेला नेम हे सगळं भगत, म्हणजे पाड्यातला पूजा आणि उपचार करणारा माणूस, विचारात घेतो आणि पूजेबरोबर झाडपालाही देतो. आजाऱ्याभोवती माणसं जमतात, त्याचं ऐकलं जातं. हा दिलासा कमी लेखू नये, असं मला वाटतं.

झाडपाल्याचं ज्ञान मात्र नेमकं असावं लागतं. जुलाबावर कुड्याची साल देतात. पावसाच्या तोंडावर उगवणारी शेवळं ही रानभाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून भाजीत काकड झाडाची फळं किंवा चिंच घालतात.

झाडपाला जपून वापरावा लागतो, शहरी माणूस नेमकं हेच विसरतो. कोरोनाकाळात गुळवेल ही औषधी वेल घरोघरी पोचली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. वाद काहीही असो, यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर गुळवेलीचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि राष्ट्रीय उद्यानातली वनस्पती तोडून आणू नका, तो गुन्हा आहे.