अक्षयनीवी : प्राचीन कलेमागील व्यापाऱ्यांचे दान

प्राचीन संस्कृतींचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम राजे उभे राहतात. इजिप्तचे पिरॅमिड तेथील सम्राटांचे, स्तंभ अशोकाचे, कैलास लेणे राष्ट्रकूटांचे, असे आपण शाळेत शिकलो आणि तेच मुलांना सांगत आलो. हा समज खोटा नाही. परंतु अपुरा आहे. सुमेर देशातील उरुक नगरीत सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीच्या पाट्यांवर जे लेखन झाले, त्यात काव्य नाही. त्यातील फार मोठा भाग धान्याच्या, जनावरांच्या व मजुरांना दिलेल्या शिध्याच्या नोंदींचा आहे. ज्याला आपण रोजकीर्द म्हणतो, तिच्याच गरजेतून तेथे लेखनकला जन्मास आली. वाणी व कारागीर हे संस्कृतीच्या दाराबाहेर उभे नव्हते, घरातच होते, एवढे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशात हीच गोष्ट दगडावर कोरलेली आढळते, आणि तिचे काही उत्तम पुरावे आपल्या माळव्यात व महाराष्ट्रात आहेत. या लेखात आम्ही राजांना थोडे बाजूस ठेवून ज्यांनी गाठीचे कार्षापण मोजून शिल्पे घडवविली, त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

प्रारंभ सांचीपासून करू. तेथील महास्तूप बौद्धांचा. त्याच्या कठड्यांवर व फरशीवर शेकडो लहान लेख आहेत. अमुक गावच्या अमुक व्यक्तीचे दान, एवढाच बहुतेकांचा आशय. दात्यांमध्ये भिक्षू व भिक्षुणी आहेत, तसेच श्रेष्ठी, वाणी, कारागीर आणि गृहस्थांच्या घरच्या स्त्रियाही आहेत. गावांच्या नावांत विदिशा आहे, उज्जयिनी आहे आणि माहिष्मतीही आहे. माहिष्मती म्हणजे पुष्कळ अभ्यासकांच्या मते आपले महेश्वर. दक्षिण तोरणावरील एक लेख तर फारच बोलका आहे. तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तो सांगतो. हस्तिदंतावर बारीक नक्षी कोरणारे हात दगडाकडे वळले, म्हणून त्या तोरणाच्या शिल्पात ती नाजूक दाटी आली. दान कोणाचे आणि हात कोणाचे, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या लोकांना लिहून ठेवण्याजोग्या वाटल्या.

आता आपल्या धर्माकडे येऊ. मथुरेच्या कंकाली टीला येथे १८८८ ते १८९१ या काळात उत्खनन झाले आणि एका प्राचीन जैन स्तूपाचे अवशेष, तीर्थंकरांच्या मूर्ती व आयागपट बाहेर आले. आयागपट म्हणजे पूजेसाठी घडविलेली चौकोनी शिळा. तिच्या मध्यभागी बहुधा तीर्थंकर किंवा एखादे मंगलचिन्ह आणि भोवती मत्स्ययुग्म, श्रीवत्स आदी चिन्हे असतात. असा एक सुंदर आयागपट सीहनादिक नावाच्या गृहस्थाने स्थापिला, आणि त्याचा पिता वाणी होता असे त्यावरील लेख सांगतो. तेथेच सापडलेली सरस्वतीची मूर्ती, आज जिचे मस्तक नाही, ती गोव नावाच्या लोहाराने दिली. तिच्यावर संवत ५४ कोरलेला आहे, म्हणजे सामान्यतः इ. स. १३२ हे वर्ष धरतात. ज्ञात असलेल्या सरस्वतीच्या मूर्तींत ती अतिप्राचीन मानली जाते. विद्येच्या देवतेची इतकी जुनी प्रतिमा ऐरणीवर घाव घालणाऱ्या एका श्रावकाने दिली, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

मथुरेच्या लेखांत आणखी दोन विशेष आहेत. पहिला असा की दात्यांमध्ये स्त्रिया पुष्कळ आहेत. अमुकाची कन्या, अमुकाची सून, अमुकाची पत्नी असा त्यांचा परिचय दिलेला असतो, परंतु दान त्यांच्या स्वतःच्या नावे असते. दुसरा विशेष असा की ज्या आचार्यांच्या उपदेशाने दान झाले, त्यांचे गण, कुल व शाखा यांची नोंद लेखात केलेली असते. कल्पसूत्राच्या स्थविरावलीत जी नावे केवळ परंपरेने आली आहेत असे परदेशी विद्वानांस वाटत होते, त्यांपैकी अनेक नावे या दगडांवर सापडली. जर्मन पंडित ब्यूलर यांनी हे ताडून दाखविले, आणि जैन परंपरेच्या प्राचीनतेविषयीच्या पुष्कळ शंका त्यामुळे मिटल्या. वाण्यांच्या व कारागिरांच्या घरांतून आलेल्या चार ओळी आपल्या शास्त्राच्या साक्षीदार ठरल्या. त्या ओळी कोणी घासून टाकल्या असत्या, तर ही साक्ष कोठून आली असती?

मूर्ती घडविली, मंदिर उभे राहिले. पुढे रोजचा दिवा, वस्त्र, डागडुजी यांची व्यवस्था कशी करावयाची? या प्रश्नाचे प्राचीन उत्तर म्हणजे अक्षयनीवी. नीवी म्हणजे मुद्दल. जे मुद्दल कधीही मोडावयाचे नाही व ज्याचे केवळ व्याज धर्मकार्यास लावावयाचे, ती अक्षयनीवी.

तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ठेव ठेविली. ही रक्कम त्याने खजिन्यात किंवा मठात ठेविली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेविली. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याजच तेवढे खर्चावयाचे, असे लेखात स्वच्छ लिहिले आहे. हिशेब आपण करून पाहावा. २,००० वर महिना २० कार्षापण, म्हणजे वर्षास २४०. त्यातून वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. वीस बारे दोनशे चाळीस. एकही कार्षापण इकडचा तिकडे नाही. १,००० वर वर्षास ९० व्याज येते. ते भिक्षूंच्या दुसऱ्या एका गरजेसाठी नेमलेले होते. शेवटी, हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि नोंदले गेले, असेही त्यात नमूद आहे. निगमसभा म्हणजे नगरातील व्यापारी मंडळींची सभा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हा व्यवहार आजच्या कोणत्याही हिशेबतपासनिसापुढे ठेवावा, त्याला बोट ठेवण्यास जागा सापडणार नाही.

श्रेणींचे दुसरे उदाहरण माळव्यातले. आजचे मंदसौर म्हणजे प्राचीन दशपुर. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी तेथे येऊन स्थायिक झाली. कोणी पिढीजात धंदा चालविला, कोणी धनुर्विद्येकडे वळले, कोणी ज्योतिषाकडे. त्या श्रेणीने मालव संवत ४९३ मध्ये, म्हणजे इ. स. ४३६ च्या सुमारास, एक सूर्यमंदिर बांधले. पुढे मंदिराचा काही भाग पडला, तेव्हा त्याच श्रेणीने संवत ५२९ मध्ये जीर्णोद्धार केला. मधल्या छत्तीस वर्षांत राजसत्ता बदलली, श्रेणी टिकली. त्या प्रसंगी वत्सभट्टी कवीने रचलेल्या प्रशस्तीत मंदिर बांधल्याचे आणि जीर्णोद्धाराचे अशी दोन्ही वर्षे सांभाळली आहेत. नवे लिहिताना जुने पुसले नाही.

येथे एक खुलासा करावा लागतो. इतिहासग्रंथांत ‘इंदोर ताम्रपट’ असा उल्लेख येतो, तेव्हा आपल्यापैकी काहींना तो आपल्या शहराचा वाटतो. तो उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातल्या इंदोर खेड्याचा आहे. स्कंदगुप्ताच्या काळच्या, गुप्त संवत १४६ मधल्या (इ. स. ४६५-६६) त्या ताम्रपटात तेली लोकांच्या श्रेणीने ठेवीच्या बदल्यात सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी रोज दोन पल तेल द्यावे, असा करार आहे. श्रेणी गाव सोडून अन्यत्र गेली, तरी ती एकत्र आहे तोवर हे बंधन राहील, अशीही अट आहे. ताम्रपट आपल्या शहराचा नसला, तरी तो धडा आपल्या बाजारास लागू पडतो. धान्यबाजारात मालाच्या व्यवहारावर धर्मादा काढण्याची जी चाल आम्ही लहानपणापासून पाहिली, ती याच जातीची.

आता मुख्य मुद्दा. बौद्धांचे लेणे, जैनांचा स्तूप, सूर्याचे देऊळ, ही धर्मस्थाने निरनिराळी. पण दात्यांची रीत एक होती. दान कोणी दिले, कशासाठी दिले, मुद्दल कोठे ठेविले आणि साक्ष कोणाची, हे ते उघड लिहून ठेवीत. म्हणूनच ती कला आज आपल्याशी बोलते. आपल्याकडे मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात पुष्कळदा उलट घडते. जुन्या पीठिकेवर संगमरवर चढतो, लेखावर रंगाचा हात फिरतो. धातूच्या लहान प्रतिमांच्या पाठीवर संवत, दात्याचे कुल व आचार्यांचे नाव असते. चिंच आणि राखेने वर्षानुवर्षे घासल्याने ती अक्षरे झिजत जातात. हे सर्व भक्तीपोटीच होते, परंतु मथुरेच्या त्या लोहाराचे नाव १,९०० वर्षे टिकले आणि आपल्या पणजोबांचे शंभर वर्षेही टिकू नये, हे दुःखद आहे.

याकरिता सभासद बंधुभगिनींपुढे आमच्या तीन सूचना आहेत. जीर्णोद्धाराचा पहिला दगड हलविण्यापूर्वी प्रत्येक जुन्या लेखाचे छायाचित्र व नक्कल घ्यावी आणि मूळ लेख झाकू नये. लेख असलेल्या प्रतिमांची पाठ घासू नये. मऊ कोरड्या वस्त्राने पुसावी. आणि नव्या दानाच्या फलकावर केवळ दात्याचे नाव न घालता दानाचा हेतू, रक्कम, मुद्दल मोडावयाचे की नाही, आणि काम करणाऱ्या कारागिराचे नाव, हे सर्व कोरावे. शहरातील व आसपासच्या मंदिरांतील लेखांची एक वही संघाने आपल्या कार्यालयात ठेवावी. तिचा खर्च एखाद्या साध्या भोजनसमारंभाहून अधिक होणार नाही. आपल्या घरच्या तरुण मुला-मुलींना या कामास लावावे. जुनी लिपी वाचण्याची गोडी त्यांना एकदा लागली की वही आपोआप भरत जाईल.

मुद्दल मोडून खाणारी पेढी फार दिवस चालत नाही, हे आपल्या व्यवसायात कोणास सांगावे लागत नाही. पूर्वजांचे लेख हेही मुद्दलच आहे. त्याचे व्याज आपण अभिमानाने खावे. मुद्दल मात्र पुढील पिढीच्या हाती अक्षय द्यावे.