ऑनलाइन अभ्यासक्रम : प्रवेशापूर्वीची शास्त्रपरीक्षा

पदवी घेऊन वीस-पंचवीस वर्षे लोटल्यानंतर पुन्हा विद्यार्थी होण्याची संधी आज चिकित्सालयात बसल्या जागी उपलब्ध आहे. भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, व्यवस्थापन असे वैद्यास व औषधालयचालकास उपयुक्त विषय तेथे शिकता येतात आणि नावनोंदणीस शुल्क पडत नाही. तथापि आमचे अवलोकन असे की, पुष्कळ व्यवसायबंधू अर्ध्यावर थांबतात ते विषय कठीण असतो म्हणून नव्हे, तर अभ्यासक्रमाची रचना न पाहताच त्यात शिरतात म्हणून.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात कार्याचे गुरुलाघव, फल, अनुबंध, देश व काल जाणून प्रथम शास्त्राची आणि नंतर आचार्याची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. हाच क्रम येथेही हितकर ठरतो.

पहिला तास रचनेसाठी

पहिल्या दिवशी व्याख्यान ऐकू नये. अभ्यासक्रमाच्या परिचयाचे पान वाचावे. शिकविणारे कोण, आठवडे किती, पूर्वज्ञान कोणते अपेक्षित आहे, हे पाहावे. नंतर स्वाध्यायांच्या अंतिम तारखा आणि परीक्षेची तारीख चिकित्सालयातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. सूचना ई-मेलवर येतात, म्हणून नोंदणीसाठी रोज उघडला जाणारा पत्ताच द्यावा.

चार दालने

‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : दृक्-श्राव्य व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि चर्चापीठ. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्याच दालनात रमतात. वास्तविक अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय आपल्या संहितेनेच सांगितले आहेत. चर्चापीठ म्हणजे तद्विद्यसंभाषेचेच स्थान. तेथे प्रश्न विचारण्यात वयाचा वा अनुभवाचा संकोच धरू नये. मात्र प्रश्न संधायसंभाषेच्या वृत्तीने विचारावा.

गुणांचे गणित

‘स्वयम्’वरील एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत स्वाध्यायास २५ व अंतिम परीक्षेस ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी उत्तम ८ स्वाध्यायांची सरासरी धरली जाते. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण, असे दोन्ही लागतात. एकातील वाढावा दुसऱ्यातील उणीव भरून काढीत नाही. इतर संस्थांच्या अभ्यासक्रमांचे निकष वेगळे असू शकतात, ते आरंभीच पाहावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अभ्यासक्रमाची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परीक्षेचा अर्ज निराळा भरावा लागतो, शुल्क निराळे असते आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. आमच्या परिचयातील एका वैद्यमित्रांनी सर्व व्याख्याने निष्ठेने ऐकली, स्वाध्याय वेळेत दिले. परंतु परीक्षेच्या अर्जाची मुदत टळून गेली होती. रात्री रुग्ण संपल्यावर केलेल्या तीन महिन्यांच्या परिश्रमांचे प्रमाणपत्र त्यांना मिळाले नाही.

व्यवसायाशी मेळ

आठवड्याचे काम आठवड्याच्या आरंभी करावे. शेवटच्या रात्री वीज वा इंटरनेट साथ देईलच असे नाही, आणि मुदत टळल्यावर स्वाध्याय स्वीकारला जात नाही. प्रथम एकच, चार आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडावा. अग्निबल पाहून मात्रा ठरविणाऱ्या वैद्यास याहून अधिक सांगणे न लगे.

मर्यादेचे भान

असे प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे. नामफलकावर ते पदवीप्रमाणे लावू नये आणि त्याच्या आधारे नवीन चिकित्साधिकार मिळाला असे समजू नये. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा यांवर छेदनकर्माचा अभ्यास सांगितला, कारण कर्मकौशल्य हातानेच येते. पंचकर्म वा क्षारसूत्र पडद्यावर पाहून आत्मसात होणार नाही; त्यासाठी गुरूंजवळच जावे लागेल.

येत्या सत्रात सभासदांनी आपापल्या शाखेत दोघा-तिघांनी मिळून एकच अभ्यासक्रम निवडावा, अशी आमची विनंती आहे. एकाच्या स्मरणातून तारीख निसटली तरी दुसरा ती सांगेल, आणि साप्ताहिक चर्चेचा लाभ होईल तो निराळाच.