उतरणें

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. साताऱ्याच्या आप्तांचा निरोप आला, "आम्ही रविवारीं सकाळीं पुण्यास उतरूं." थोरल्या काकूंनीं पहाटे उठून पुरणाचा घाट घातला, माडीवर अंथरुणें घालून ठेविलीं. दुपारचे दोन वाजले, तरी पाहुण्यांचा पत्ता नाहीं. सायंकाळीं कळलें कीं, मंडळी पुण्यास आगगाडींतून उतरली आणि लागलीच मोटारीनें साताऱ्यास रवानाही झाली! "माझ्या मनांतून उतरलीं हो सगळीं," एवढेंच काकू बोलल्या.

दोष कोणाचा? आमच्या मतें पाहुण्यांचा नव्हे, काकूंचाही नव्हे. वाहनांतून बाहेर पडणें आणि मुक्काम करणें हे दोन्ही अर्थ 'उतरणें' हें एकच क्रियापद वागवीत आलें आहे, त्याचा हा परिणाम.

या शब्दाचें मूळ पाहण्याजोगें आहे. संस्कृतांत 'तॄ' हा धातु पोहणें, तरून जाणें या अर्थाचा. त्याला 'वर' या अर्थाचा 'उत्' उपसर्ग लागला, म्हणजे पाण्यांतून वर येणें, काठास लागणें हा अर्थ झाला. मौज अशी कीं, 'वर' सांगणारा हा शब्द आपण 'खालीं' येण्यासाठीं योजतों! नाव डोळ्यांपुढें आणली म्हणजे हें कोडें सुटतें. नाव सोडून काठावर पाऊल ठेवणें हा प्रवासाचा शेवट. तेथून घोडा, रथ सोडणें आणि पुढें मुक्काम करणें हे अर्थ संस्कृतांतच या शब्दास चिकटले. मराठीनें जुना अर्थही टाकला नाहीं. नदी ओलांडण्याजोगी झाली म्हणजे 'नदीस उतार पडला' असें आपण म्हणतों. नावेंतला 'उतारू' १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाल्यावर तिच्या डब्यांतही येऊन बसला.

या क्रियापदास समानार्थी शब्द आहेत, परंतु एकाच्या जागीं दुसरा सहसा बसत नाहीं. 'पायउतार होणें' म्हणजे घोडा किंवा पालखी सोडून पायीं होणें. त्यांत अदब आहे, आणि हल्लीं वृत्तपत्रांतून तो शब्द अधिकारपद सोडणाऱ्यांच्याच वांट्यास आला आहे. 'अव' उपसर्गाचें 'अवतरणें' देवांसाठीं राखलेलें. माणसास लावलें तर थट्टा होते. न कळवितां आलेल्या भाचेमंडळीस "काय, अवतरलांत का?" असें कोण विचारीत नाहीं? 'अवरोहण' ग्रंथांत शोभतें, टांग्यापाशीं नाहीं. 'खालीं येणें' माडीवरून ठीक; आगगाडींतून कोणी 'खालीं येत' नाहीं.

प्रत्ययांचेंही तसेंच. ज्यांत बसावयाचें त्या पालखींतून, होडींतून, मोटारींतून आपण उतरतों. ज्यावर बसावयाचें त्या घोड्यावरून, सायकलीवरून उतरतों. घरांतल्या मुलांना हा भेद कोणीं शिकविलेला नसतो, तरी तीं चुकत नाहींत. मात्र अलीकडे 'मी पुढच्या स्टॉपला ड्रॉप होतों' असें तींच मुलें म्हणूं लागलीं आहेत. त्यांना आम्ही रागें भरत नाहीं. परंतु 'उतरणें' म्हणतांना जो काठ, जें घर आणि जो यजमान मनांत येतो, तो या नव्या बोलण्यांत येत नाहीं, एवढें त्यांस सांगावेंसें वाटतें.

कारण प्रत्यय बदलला कीं याच शब्दाचा मानही बदलतो. मनां'तून' उतरणें म्हणजे किंमत गमावणें. कसोटी'स' उतरणें म्हणजे खरें ठरणें. या दुसऱ्या प्रयोगांत पैलतीर गांठल्याचा अर्थ अजून जागा आहे. परीक्षेंत 'उत्तीर्ण' होणाराही त्याच धातूचा उतारू!

पुढें ज्येष्ठांत तीं आप्तमंडळी पुन्हां पुण्याकडे निघालीं. या खेपेस काकूंनीं स्वतः दूरध्वनीवरून बजाविलें, "पुण्यास नव्हे, आमच्याकडे उतरायचें!" मंडळी आली, चार दिवस राहिली आणि काकूंच्या कसोटीसही उतरली. पुरण मात्र पुन्हां घालावें लागलें.