शाळा आणि घर – लेखांक ५ : नजर कोणी कोणावर ठेवायची?

दादर-परळ भागातल्या दोन सत्रांत भरणाऱ्या एखाद्या जुन्या शाळेच्या फाटकाशी दुपारी उभे राहून पाहा. सकाळचे सत्र सुटत असते, दुपारचे भरत असते. पाण्याची बाटली हातात धरलेले आजोबा, वर्गाची नावे पुकारणारे व्हॅनकाका, आणि मधून वाट काढू पाहणारी एखादी टॅक्सी. बाई जिन्यापर्यंत ओळ सोडतात आणि मागे फिरतात, कारण वरच्या मजल्यावर दुसरा वर्ग वाट पाहत असतो. फाटकावर शिपाईमामा एकटे. या दहा मिनिटांत मूल नेमके कोणाच्या ताब्यात असते? शाळा म्हणते, घंटा झाली. पालक म्हणतात, मूल अजून फाटकाच्या आत आहे.

गेल्या आठवड्यात आपण वर्गातल्या शिक्षेबद्दल आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ बद्दल बोललो. वर्गातली जबाबदारी निदान स्पष्ट तरी आहे. घोटाळा होतो तो सांध्यांवर : फाटक, जिना, स्वच्छतागृह, व्हॅन, आणि शाळा ते क्लास यांमधला तासभर.

गिरणगावात आई-बाप दोघेही पाळीत असत तेव्हा या सांध्यांवर चाळीच्या गॅलरीची नजर असे. कोणाचा मुलगा मधल्या सुट्टीतच घरी परतला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला ठाऊक होई. त्या नजरेचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. घरात मार खाणाऱ्या मुलाकडे तीच गॅलरी ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून पाठ फिरवायची. पण १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि बरीच कुटुंबे डोंबिवली-विरारकडे सरकली. गॅलरीची ती जागा कोणी भरून काढली नाही.

त्यात पालकांचे घड्याळ वेगळे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. मुलांच्या झोपेसाठी निर्णय योग्यच. पण साडेआठची लोकल पकडणाऱ्या आईचे काय? तिचे मूल शेजारच्या काकूंच्या किंवा व्हॅनच्या हवाली होते. माहीम-शीवच्या अलीकडे रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे उपनगरातले ‘रिक्षाकाका’ इथे नाहीत. व्हॅन किंवा बस. व्हॅनचा व्यवहार बहुतेकदा पालक आणि चालक यांच्यातच तोंडी ठरतो आणि शाळा ‘आमचा संबंध नाही’ म्हणून मोकळी होते. राज्याच्या २०११च्या स्कूलबस नियमांना हे मान्य नाही. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा, असे ते नियम सांगतात. ही समिती आपल्या शाळेत आहे का, हे किती पालकांनी विचारले असेल?

जबाबदारी ‘वाटून घ्यायची’ म्हणजे अर्धी तुमची, अर्धी आमची, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. शाळेच्या वेळेत पालक मुलावर नजर ठेवूच शकत नाही. त्याने नजर ठेवायची ती शाळेवर. आणि मूल घरी कसे राहते हे शिक्षकाला दिसत नाही. त्याने पाहायचे ते घरून येणारे मूल. न आणलेला डबा, दर सोमवारची गैरहजेरी, अचानक गप्प झालेली मुलगी हे सगळे पहिल्यांदा बाईंच्या टेबलासमोर दिसते.

ही उलट नजर नसली की काय होते, ते बदलापूरने दाखवले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. आरोपी कंत्राटातून नेमलेला सफाई कर्मचारी होता. पालक तक्रार घेऊन धावत राहिले, गुन्हा नोंदवायला उशीर झाला, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. घटनेची माहिती पोलिसांना न दिल्याबद्दल शाळेच्या संचालकांवर आणि मुख्याध्यापिकेवरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. अशी माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे हे २०१२च्या त्या कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी आपसात चौकशी करू’ ही सबब तिथे चालत नाही.

त्यानंतर कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांचे आदेश निघाले. खरे तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा शासननिर्णय मार्च २०२२ मध्येच निघाला होता. समिती कागदावर होती. कॅमेरा लावणे सोपे असते. त्याचे चित्रण कोणी बघायचे, कधी बघायचे आणि खटकले तर कोणाला सांगायचे, हे ठरवायला माणसे लागतात.

पालकांना ही माणसे होण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. अनुदानित आणि पालिका शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. खासगी शाळांत २०११च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ असतो आणि प्रत्येक पालक आपोआप त्याचा सदस्य होतो. प्रत्यक्षात संघाची आठवण येते ती फी वाढली की. एरवी सारी चर्चा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि तिथेही बहुतेक करून गृहपाठाची. शिक्षकांवर नजर ठेवणे म्हणजे त्यांच्या मागे लागणे नव्हे, हेही सांगायला हवे. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचा रगाडा यांतून फाटकापर्यंत जायला बाईंना वेळ उरत नसेल, तर त्यासाठी संस्थेला जाब विचारणे हेही पालकांचेच काम आहे.

पुढच्या पालकसभेत मार्कांची चौकशी झाल्यावर दोन गोष्टी विचारा : सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? इतिवृत्ताची वही दाखवायला सांगा. वही नसेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलाच्या सुरक्षिततेची शंका तातडीची असेल, तर सभेची वाट न पाहता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.